न्यागुथीच्या अळवावरचा पूल

गितुरी, ९ फेब्रुवारी २०१५

अक्का,

हे पत्र न उघडता तू चुलीत घातलं असशील तर निदान चहाला एक उकळी तरी आली असेल. उघडलं असशील तर माझं अर्धं काम झालं. फोन करून पाहिला. माझा ‘हॅलो’ ऐकला की तुझा फोन बंद पडतो. चार वेगवेगळ्या लोकांच्या फोनवरून केला, चारही वेळा पडला. म्हणून कागद. कामुंगे गिलगिलपर्यंत प्रवाशांनी भरलेली मटाटू नेतो, तुझ्या खानावळीत मका-घेवड्याची गिथेरी खातो आणि इकडे येऊन तिची तारीफ करतो. माझ्यासमोर जरा जास्तच करतो. तेव्हा पत्र तुझ्या हातात पडणार हे नक्की.

एकोणीस वर्षांतलं थोडक्यात सांगतो. माझ्या तीन लॉऱ्या आहेत. दगडाची खाण आहे. आपल्या डोंगराच्या धारेवर ज्याला घर बांधायचंय तो आधी माझ्याकडे येतो, जागेसाठी, नाहीतर खडीसाठी, नाहीतर दोन्हीसाठी. लॉऱ्यांच्या पाठीवर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: ‘याच दोन हातांनी’. शाळेत, चर्चमध्ये, लग्नात, कुठेही मला बोलायला उभं केलं की मी दोन्ही हात वर करून तिथूनच सुरुवात करतो. लोकांना भाषण पाठ झालंय, तरी टाळ्या वाजवतात.

आता खरी बातमी. आपल्या नदीवर पूल येतोय. खरा, सिमेंटचा, लॉरी जाईल एवढा रुंद. कुठे, तर आपल्या अळवाच्या वाफ्यापाशी, जिथून आपण ओंडक्यावरून पलीकडच्या धारेवर जायचो आणि तू मला मधोमध उभं करून ओंडका हलवायचीस. पलीकडची चहापत्ती अजून खालून वळसा घालून कारखान्यात जाते आणि पोचेपर्यंत काळी पडते. अडलेली बाई असली तर चौघं जण झोळीत घालून ओंडक्यावरून आणतात. ते सगळं संपेल. मोजणीवाले खुंट्या मारून गेले.

सोबत एक कागद आहे. घरगुती आहे, किरकोळ. खाली पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर आणि कामुंगेकडे दे. वरचा मजकूर वाचायचा त्रास घेऊ नकोस. सरकारी भाषा आहे, मलाही अर्धी कळत नाही.

वाहितो बरी आहे. पोरी मोठ्या झाल्या. आजीचं अळूही मजेत आहे.

तुझा भाऊ,
मुचोकी

गितुरी, २ मार्च २०१५

अक्का,

कागद परत आला, कोरा. कामुंगेने सगळं सांगितलं. त्याची आठवण चांगली आहे, नको तितकी. म्हणे तू डाव खाली ठेवलास, उभ्या उभ्या दोनदा वाचलंस आणि खानावळीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “वाचू नको असं जे सांगतात ना, तेच आधी वाचायचं असतं. आणि तीन लॉऱ्यांच्या मालकाला सरकारी भाषा कळत नाही होय?”

बरं. वाचलंस, तर आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. नदीकाठचा तो तुकडा तुझा आहे.

मला ठाऊक नव्हतं, ही शपथेवरची गोष्ट. धारेवर सगळे त्याला ‘न्यागुथीचा तुकडा’ म्हणतात ते तुला माहीतच आहे. अळू लावलं आजीने, आजीचं नाव न्यागुथी, तेव्हा तुकडा आजीचा, मग बाबांचा, मग माझा, असं मी धरून चाललो. दुसरी न्यागुथी, म्हणजे तू, माझ्या डोक्यातच आली नाहीस. जानेवारीत मोजणीवाल्यांनी मालकीचा कागद मागितला, तर मी नवा कोट घालून जमिनीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या पोरीने जुनं जाड रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून बाबांच्या नावासकट वाचलं: न्यागुथी, गाथेचाची मुलगी. सन एकोणीसशे एकोणऐंशी.

मी म्हणालो, चूक झालीय बाई, ती आमची आजी.

ती म्हणाली, “आजोबा, इथे मुलगी लिहिलंय. आजी मुलगी कशी होईल?”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आजोबा म्हणालं तेही त्याच दिवशी.

एकोणऐंशी म्हणजे मी शेवटची परीक्षा दिली ते वर्ष. बाबा तेव्हा दोन दिवस जिल्ह्याच्या गावी जाऊन राहिले होते, आठवतं? कोंबड्या विकायला गेलो होतो म्हणाले. मुलीच्या नावावर जमीन केली म्हटलं असतं तर भावकीने त्यांना पुढची दहा वर्षं चिडवलं असतं, म्हणून कुणाला बोलले नाहीत. तुलाही नाही, असं मी समजतो. त्यांच्या आईचं नाव तुझं, म्हणून ते तुला ‘आई’ म्हणूनच हाक मारायचे. आईचं अळू आईला दिलं, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं असेल.

आता अडचण अशी. पुलाकडे येणारा रस्ता तुझ्या तुकड्यातून जातो. मालकाची संमती एकतीस मेच्या आत लागते. नाही मिळाली तर पूल सात किलोमीटर खाली कियामुरीला जातो. तिथले लोक आत्तापासून उद्‌घाटनाला काय घालायचं ते ठरवतायत. पूल एकदा तिकडे गेला की आपल्या हयातीत दुसरा येत नाही.

तुला तुकडा विकायचा असेल तर बाजारात चालेल त्याहून चांगला भाव देईन. नुसती संमती दिलीस तरी चालेल. एवढंच आहे, आत काही नाही.

मुचोकी

गितुरी, १९ एप्रिल २०१५

अक्का,

तुझा निरोप मिळाला. मलाच नाही, सगळ्या बाजाराला मिळाला. कामुंगेने मटाटूच्या पायरीवर उभं राहून तो दिला. मी कोबीच्या ढिगापाशी होतो. तो म्हणाला, “न्यागुथीबाईंचा निरोप आहे. बाबांच्या मागे कोण राहिलं याची जी चिठ्ठी तुम्ही जमिनीसाठी चीफकडून लिहून घेतली होती, ती चीफच्या सभेत, त्याच झाडाखाली, सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. मग सहीचं बघू.” आणि वर, “अळवाबद्दल खोटं लिहू नकोस म्हणाल्यात. वारिगिया त्यांना सगळं कळवते.” कोबीवाली माझ्याकडे बघून कोबीला हसली.

तुझी जुनी मैत्रीण वारिगिया अजून तुझ्याशी बोलते हे मला एकोणीस वर्षं कळलं नाही. माझे कान तिखट आहेत असं मीच सांगत फिरतो.

तर अळू. नाही तिथे. तू गेलीस त्याच महिन्यात मी उपटलं आणि निलगिरी लावली. निलगिरीने ओल पिऊन टाकली, झराही आटला. खांबांना लाकूड चांगलं झालं, पण ते आता सांगून काय.

आता चिठ्ठीचं. अक्का, ती जुनी गोष्ट आहे. लिहिणारा चीफ वारला. तेव्हा धारेवर सगळेच तसं लिहून घ्यायचे. लग्न झालेल्या मुली कोण मोजत होतं? एक बोकड कापतो, तू ये, आपण दोघं चार वडीलधाऱ्यांसमोर बसू, मी हवी तेवढी माफी मागतो. पण सभेत नको. सभेत माझी गिऱ्हाइकं असतात.

मला दुसरी वाट होती हेही सांगून टाकतो, म्हणजे तुला कळेल की मी किती आवरलं. आवरलं म्हणजे, जवळजवळ.

माझ्या तिसऱ्या मुलीचं नाव तुझं आहे. ती आपण भांडलो त्यानंतर आठ महिन्यांनी झाली. मी वाहितोला म्हणालो, हिचं दुसरं काहीतरी ठेवू. वाहितो म्हणाली, “पहिली तुमच्या आईची, दुसरी माझ्या आईची, तिसरी तुमच्या बहिणीची. तुम्ही भांडलात म्हणून रीत बदलत नाही. बहीण नको होती तर दोन पोरींवर थांबायचं होतं.” तेव्हापासून ज्या नावाशी मी बोलत नव्हतो ते दिवसातून पन्नास वेळा घ्यावं लागलं. न्यागुथी, पाणी आण. न्यागुथी, उलटून बोलू नकोस. पोरांना आडनाव मी बाबांचं लावलंय. तेव्हा तिच्या ओळखपत्रावर काय आहे ते तूच बघ: न्यागुथी गाथेचा. नोंदीत आहे तसंच.

मुराया दलालाने ते कुठेतरी पाहिलं. मला म्हणाला, “मुचोकी, तुमच्या घरात न्यागुथी गाथेचा जेवते, झोपते, भांडी घासते, आणि तुम्ही गिलगिलला पत्रं पाठवताय?”

मी तिला घेऊन गेलो, अक्का. अठरा वर्षांची आहे, नर्सच्या शाळेत जायची तयारी करतेय. कार्यालयाच्या ओसरीवर मुरायाने कागद पुढे केला, पेन दिलं. तिने कागद सगळा वाचला. तो वाचतानाच मला घाम फुटला, कारण ती ओठ दाबून वाचते, तुझ्यासारखी. मग मला म्हणाली, “बाबा, करते सही. पण मग जमीन माझी. पूल होऊ द्यायचा की नाही ते मी ठरवणार. आणि तुम्ही मग मला पत्रं लिहीत बसणार.”

मी इतक्या मोठ्याने हसलो की पहारेकरी आला. मुराया हसला नाही. पेन त्याच्या खिशात घातलं आणि पोरीला घेऊन घरी आलो. येताना तिने विचारलं, आत्या दिसायला कशी आहे. मी म्हणालो, आरशात बघ.

आणि एक, हे वाहितोलाही पूर्ण माहीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तू दोन मुलं घेऊन अंगणात उभी होतीस त्या दिवशी वाहितोने तुला सांगितलं की मी खाणीवर गेलोय. मी गेलो नव्हतो. कणगीमागे उभा होतो. तू म्हणालीस, “त्याला सांग, मी खायला मागायला आले नव्हते. खोपट घालायला कोपरा मागायला आले होते. घास मी माझा मिळवीन.” शब्दन्‌शब्द ऐकला.

सात मेच्या गुरुवारी सभा आहे. जाईन असं म्हणत नाही. नाही जाणार असंही म्हणत नाही.

मुचोकी

गितुरी, ७ मे २०१५

अक्का,

आत्ताच घरी आलो. बूटसुद्धा काढले नाहीत.

नवा कोट घातला नाही, खाणीवरचाच घातला. चीफच्या मैदानात अंजिराच्या झाडाखाली नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. कामुंगेने आज मटाटूच्या दोन फेऱ्या बुडवल्या, यावरून बातमी कुणी पसरवली ते ओळख. आधी एका चोरलेल्या शेळीचं प्रकरण झालं, मग कूपनलिकेच्या पंपाचं. मी देवाला म्हणत होतो, पंपावर अजून भांडा. मग चीफ म्हणाले, आणखी कुणाला काही? सगळी सभा माझ्याकडे वळली. एवढी माणसं मी भाषणाला उभा राहतो तेव्हाही वळत नाहीत.

उठलो. चिठ्ठी बाबांच्या पत्र्याच्या पेटीतच होती, घडीवर फाटलेली. वाचली. तू कधी पाहिली नाहीस, म्हणून इथे उतरवतो: “गितुरी येथील मयत गाथेचा यांच्या पश्चात एक मुलगा, नाव मुचोकी. पत्नी आधीच मृत. अन्य अपत्य नाही.”

एवढीच आहे. लिहून घ्यायला पाच मिनिटं लागली असतील. वाचायला त्याहून जास्त लागली.

मग मी म्हणालो, हे खोटं आहे. चीफला मी सांगितलं म्हणून त्याने लिहिलं. बाबांना दोन मुलं. थोरली न्यागुथी.

मग मागून म्हातारा गाचांजा काठीवर जोर देऊन उठला, मला वाटलं शिव्या देणार. तो म्हणाला, “अभिनंदन मुचोकी. चोपन्नाव्या वर्षी तुला थोरली बहीण झाली.”

सभा हसून लोळली, अक्का. चीफ टोपीत तोंड घालून हसत होते. मीही हसलो असतो, पण बायकांच्या बाजूने वारिगिया उभी राहिली. ती हसत नव्हती. “मुचोकी, मग सहा वर्षं माझ्या शेजारी बसून खडी कोण फोडत होतं? भूत?”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. सवयीने वर जायला निघाले होते, ते खाली घेतले. मग सांगितलं. नेहमीचं भाषण नाही, त्याच्या आधीचं. की मी माध्यमिक शाळेत होतो तेव्हा माझी बहीण शाळा सोडून खाणीवर बसली. सकाळी दव असताना जायची, हातोड्याने दगड फोडायची, ढीग लावायची, लॉरी आली की ढीग विकायची. माझी फी त्या ढिगातून गेली, माझे बूट त्या ढिगातून आले. दगडाला कुठे मारलं की तो सरळ फुटतो हेही तिनेच शिकवलं, आणि तेवढ्या एका विद्येवर मी खाण घेतली. तिचा अंगठा चेचला होता तेव्हा मी तिला विचारलं होतं, या सत्राची फी भरली का. हे सांगणार नव्हतो, तोंडातून गेलं.

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. वारिगियाने तोंडाशी हात नेला आणि आनंदाची आरोळी दिली. पाठोपाठ सगळ्या बायकांनी दिली. मुलगा झाला की पाच देतात, मुलगी झाली की तीन. त्यांनी मोजून तीन दिल्या. पलीकडच्या धारेवर पत्ती खुडणाऱ्या बायकांना काय झालंय ते कळायचं कारण नव्हतं, पण तीन ऐकल्यावर कुणाला तरी मुलगी झाली असं समजून त्यांनीही तिकडून तीन दिल्या. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी तुझा जन्म झाला.

मोकळा झालो. गिऱ्हाइकं कुठे गेली नाहीत, उलट एक जण परत येताना पायरीच्या दगडांचा भाव विचारून गेला.

सहीचं आता काही म्हणत नाही. करू नकोस हवं तर. पूल जाऊ दे कियामुरीला, त्यांचे कपडे तरी वाया जाणार नाहीत. पण तू ये.

मुचोकी

गितुरी, १४ जून २०१५

अक्का,

तू जाऊन दोन आठवडे झाले. सामान आणायला गेली आहेस हे मी रोज दहा जणांना सांगतो, नाहीतर म्हणतात परत भांडलात का.

तुझ्या येण्याची गोष्ट आता धारेवर माझ्यापेक्षा कामुंगे चांगली सांगतो, त्यात नसलेल्या गोष्टीही घालतो. म्हणून माझी लिहून ठेवतो. तू मटाटूच्या पुढच्या सीटवर, मांडीवर स्वतःची किटली. उतरलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. वाहितोला मिठी मारलीस, धाकट्या न्यागुथीच्या तोंडावरून हात फिरवलास, तीही ओठ दाबून तुझ्याकडे बघत राहिली. मग दोघी नदीवर. मी मागून, आपलेपणाने पण अंतर ठेवून. निलगिरीत उभी राहिलीस, पायाने माती उकरून पाहिलीस, कोरडी. मग पलीकडे पाहिलंस. आणि एकोणीस वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस:

“पलीकडचे अकरा एकर कुणाचे?”

मी म्हणालो, एका ओळखीच्याचे.

“त्या ओळखीच्याने प्लॉटच्या खुंट्याही मारून ठेवल्यात. पूल झाला की सोनं होणार म्हणून. त्याने तीन पत्रं लिहिली, त्यात हे लिहायचं राहिलं वाटतं.”

राहिलं होतं, अक्का. चौथ्यातही राहिलं. चहापत्ती आणि झोळीतल्या बायका खऱ्याच होत्या, पण अकरा एकरही खरे होते. मला वाटलं, आता गेली ही. आणि तू हसलीस. म्हणालीस, “चला, बदललेला नाहीस. मला वाटलं होतं सभेत रडून बिघडलास की काय.”

एकोणतीस तारखेला सही केलीस. आधी संमतीपत्र मोठ्याने वाचलंस, सगळं, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा. मोजणीदाराला नदीवर नेऊन दोन खुंट्या सरकवायला लावल्यास. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्या घरात सगळेच असे का. मी म्हणालो, नाही, मी त्यातला साधा.

आता तुझ्या अटी. रस्त्याला लागेल तेवढी पट्टी दिली, बाकी तुकडा तुझाच. निलगिरी माझ्या खर्चाने तोडायची, मुळांसकट. पुलाच्या तोंडाचा कोपरा तुझा, तिथे खानावळ. त्या कोपऱ्यावर मी मनातल्या मनात पेट्रोल पंप बांधून मोकळा झालो होतो, त्यात पंपावर काम करणारी दोन माणसंही नेमली होती. नदीच्या दोन्ही धारांवर याहून चांगला धंद्याचा कोपरा नाही. मी तीस वर्षं जागा विकतोय आणि तू तीन दिवसांत तो ओळखलास.

खानावळीच्या पायाचा दगड माझ्याकडून. भाव सांगू नकोस, फुकट आहे. तुला फुकट नको असेल तर मी जेवीन तेव्हा वळता करून घे.

मुचोकी

गितुरी, २१ ऑगस्ट २०१६

अक्का,

तीनशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला पत्र पाठवतो म्हणून कामुंगे मला हसला. नेतो म्हणाला, पण भाडं गिलगिलचं घेणार. काय करू, समोर आलो की तू मला कांदे कापायला बसवतेस, आणि कांदे कापताना माणूस काहीही बोलला तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

काल झालेलं तू पाहिलंस, पण तू चुलीपाशी होतीस, सगळं नाही पाहिलंस. म्हणून सांगतो. परवा पुलाची परीक्षा घेतली ना, तेव्हा वजनाला माझ्याच लॉऱ्या उभ्या केल्या, तिन्ही, खडीने शिगोशिग भरून. इंजिनिअर खाली वाकून फटी बघत होता आणि मी पुलावर उभा होतो. त्याने मला उतरायला सांगितलं. मी म्हणालो, मलाही वजनातच धरा. पूल केसभर हलला नाही. पहिल्यांदा कळलं की त्या ओंडक्यावर मी कायम का घाबरायचो. तू हलवायचीस म्हणून नाही. खाली बघायचो म्हणून.

काल पहिली चहापत्तीची गाडी पलीकडून आली, पत्ती हिरवीगार, वरची पानं अजून ओली. ड्रायव्हरने उगाच भोंगा दाबून धरला. पलीकडच्या बायका पायी आल्या, पुलाच्या मधोमध थांबल्या आणि कठड्यावरून खाली आपल्या जुन्या ओंडक्याकडे बघत राहिल्या. कियामुरीचेही आले होते, शिवून ठेवलेले कपडे घालून. गाचांजा त्यांना म्हणाला, बरं झालं, कुठेतरी घातलेत. आणि तू सगळ्यांना चहाबरोबर उकडलेलं अळू दिलंस. निलगिरी गेल्यावर झरा वर आला होता, वारिगियाने पलीकडून रोपं आणली, आणि तेव्हाच कुठे मला कळलं की मी उपटून नदीत फेकलेलं अळू तिने त्याच दिवशी खाली उतरून गोळा करून पलीकडे लावलं होतं. आजीचंच अळू आहे ते. मी तीन वाट्या खाल्ल्या. घशात खाजलं नाही.

मग पाहुणे म्हणाले, मुचोकी, दोन शब्द. दोन शब्द मला कधी जमलेत? मांडवात पाचशे माणसं, समोर नवा पूल, मला चेव आला. सवयीने दोन्ही हात वर गेले आणि मी सुरू केलं, “बंधूंनो, भगिनींनो, हे जे काही दिसतंय ते याच दोन हातांनी—”

आणि तू चुलीकडून, तव्यावरची चपाती उलटता उलटता, मान वर न करता म्हणालीस, “चार.”

एवढंच. मोठ्याने नाही, पण तुझा आवाज खाणीवरचा आहे, दगडांवरून जायची सवय असलेला. पाचशे माणसांनी ऐकलं. धाकटी न्यागुथी सगळ्यांच्या आधी हसली. माझे हात वरच राहिले. मग मी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, “याच चार हातांनी”, आणि अक्का, तीस वर्षं हेच भाषण करतोय, पण टाळ्या काल वाजल्या.

आज सकाळी पेंटरला बोलावलं. तिन्ही लॉऱ्या अंगणात उभ्या आहेत. त्याला म्हणालो, ‘दोन’ खरवडून काढ, ‘चार’ घाल. तो ब्रश हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, काका, चार हात वाचून लोक विचारतील, गाडी चालवतं कोण?

मी म्हणालो, विचारू दे. पुलापाशी थांबतील, चहा घेतील, तिथे कळेल.

पिवळा रंग अजून ओला आहे. वाळला की पहिली गाडी तुझ्या कोपऱ्यावर आणतो आणि पाठ तुझ्या दाराकडे करून उभी करतो. तू आधी वाच. काही चुकलं असेल तर ड्रायव्हरांसमोरच सांग, मला आता सवय झालीय.

मुचोकी